पिवळ्यावर निळा आणि मधे चिखल: ओव्हरलॅपचा रंग नेमका कुठं बिघडतो

पिवळ्यावर निळा चढवला की हिरवा होतो, हे पहिलीतल्या रंगपेटीनं आपल्याला शिकवलंय, आणि कॉम्प्युटरवर बसून तेच करून बघावं तर मधल्या भागात हिरवा सोडाच, भांडी घासलेल्या पाण्यासारखा करडा रंग येतो. मग ट्रान्सपरन्सी ५० ची ४० करा, ६० करा, वरचा गोल खाली घ्या, खालचा वर घ्या, अर्धा तास गेला की वैतागून तिथं हातानं हिरवा तुकडा चिकटवायचा आणि फाइल द्यायची. मी स्वतः कित्येक वर्षं असंच केलंय. इचलकरंजीत बसून लग्नपत्रिका, फ्लेक्स, कापडाच्या ताग्यावरची लेबलं आणि वर्षाला एखाददुसरा दिवाळी अंक असं माझं काम आहे, आणि दर दोन-चार महिन्यांनी हा प्रॉब्लेम नवे कपडे घालून परत दारात उभा असतो.

मला जी गोष्ट फार उशिरा कळली ती आधीच सांगते. "ओव्हरलॅपचा रंग चुकतोय" ही एक तक्रार नाहीच. ताप आलाय म्हणण्यासारखं आहे ते, ताप कशानं आलाय हे वेगळं. म्हणून कुठल्याही सेटिंगला हात लावायच्या आधी एवढंच आठवायचं की रंग बिघडला कधी. दोन आकार एकमेकांवर ठेवल्या ठेवल्या बिघडला, की स्क्रीनवर झकास होता आणि फाइल आरजीबीची (स्क्रीनवरचे लाल-हिरवा-निळा) सीएमवायके (छपाईच्या चार शाया: सी म्हणजे सायन, एम मॅजेंटा, वाय पिवळा, के काळा) केल्यावर, ग्रुप केल्यावर, दुसऱ्या सॉफ्टवेअरात नेल्यावर बिघडला, की पीडीएफ काढल्यावर, की थेट कागदावर. चारी जागांची औषधं वेगळी आहेत आणि एकीचं औषध दुसरीला दिलं की दुखणं वाढतं, हे मी करून बघितलंय.

आता ठेवल्या ठेवल्याच मळका दिसतो त्याचं बघू, कारण दहातले सहा जण इथंच अडकलेले असतात.

नुसती ट्रान्सपरन्सी वाढवली किंवा ओपॅसिटी (ठामपणा) कमी केली आणि मोड, म्हणजे वरचा रंग खालच्यात कसा मिसळायचा ती पद्धत, नॉर्मलच ठेवला तर सॉफ्टवेअर रंग मिसळत नाही, सरासरी काढतं. आमच्या गावात हे समजावणं सोपं जातं, ताणा पिवळा आणि बाणा निळा घेऊन कापड विणलं तर धागा काही हिरवा होत नाही, पिवळा पिवळाच राहतो आणि निळा निळाच, लांबून बघणारा डोळा दोन्हीची सरासरी काढतो, धूपछांव पैठणीचं सगळं कौतुक त्याच्यावरच आहे. स्क्रीनवर प्रत्येक रंगाचा आकडा ० ते २५५ असतो, शुद्ध पिवळा म्हणजे लाल २५५, हिरवा २५५, निळा ०. शुद्ध निळा म्हणजे ०, ०, २५५. पिवळा ५० टक्के करून निळ्यावर ठेवा आणि सरासरी काढा, तिन्ही आकडे १२८ च्या आसपास येतात आणि तिन्ही सारखे म्हणजे पक्का करडा. सॉफ्टवेअरनं चूक केलेलीच नाही, आपण त्याला सरासरी काढायला सांगितली, त्यानं काढली.

आपल्याला हवा असतो तो प्रकार जिलेटीन पेपरचा. आकाशकंदिलाला लावतो तो, पिवळा जिलेटीन आणि निळा जिलेटीन एकावर एक धरून बल्बसमोर न्या, मधे हिरवा दिसतो, कारण पिवळा कागद प्रकाशातला काही भाग खातो, निळा कागद उरलेल्यातला काही खातो, दोघांनी सोडलेलं जे शिल्लक राहतं तेवढंच आपल्यापर्यंत पोचतं. सॉफ्टवेअरात याचं नाव मल्टिप्लाय. अडोबीच्या इलस्ट्रेटर, फोटोशॉप, इनडिझाइनमध्ये ब्लेंड मोडच्या यादीत मिळेल, कोरलमध्ये (कोरलड्रॉ) ट्रान्सपरन्सी टूल घेतलं की वरच्या पट्टीत मर्ज मोडची यादी असते तिच्यात मिळेल. इंकस्केपमध्येही फिल-स्ट्रोकच्या पॅनेलला ब्लेंड मोड आहे, फक्त ते मुळात आरजीबीत काम करतं हे लक्षात ठेवा. मल्टिप्लाय करताना ओपॅसिटी १०० वरच ठेवा, ट्रान्सपरन्सी असेल तर ० वर. अर्धी सरासरी अर्धा गुणाकार असलं त्रांगडं करून मग "तरी फिकटच दिसतंय" म्हणू नका.

इथं दुसरा खड्डा आहे आणि त्यात मी तोंडावर पडलेली आहे. तोच शुद्ध पिवळा आणि तोच शुद्ध निळा घेऊन मल्टिप्लाय केलं तर हिरवा येतच नाही, कुळकुळीत काळा येतो. गुणाकारच आहे तो, पिवळ्यात निळा शून्य, निळ्यात लाल-हिरवा शून्य, शून्यानं गुणलं की सगळं शून्य. मग रंगपेटीत हिरवा कसा यायचा? कारण बाटलीतला निळा कधीच इतका शुद्ध नसतो, त्याच्यात हिरव्याचा अंश असतो, आणि पिवळ्यातही हिरवा असतोच, दोघांचं ते सामायिक शिल्लक राहतं. म्हणून निळा निवडताना थोडा आकाशीकडे झुकलेला घ्या. निळा ०, १६०, २५५ आणि पिवळा २५५, २३०, ० घेऊन मल्टिप्लाय केलं की मधे ०, १४४, ० येतो, छान पानाचा हिरवा. छपाईच्या शाईत हे आपोआप जमतं कारण तिथं निळा म्हणजे सायनच, सी १०० वर वाय १०० मल्टिप्लाय केलं की मधे सी १०० वाय १०० आणि तो हिरवाच. पण छपाईतसुद्धा कुणी "रॉयल ब्लू" म्हणून सी १०० एम १०० घेतला आणि वर पिवळा मल्टिप्लाय केला की तिन्ही शाया शंभर, म्हणजे चॉकलेटी-काळा. गिऱ्हाइकाला हाच निळा हवा असेल आणि मधे हिरवाच हवा असेल तर मोड बदलून ते जमणार नाही, निळा बदला नाहीतर गिऱ्हाइकाला समजवा.

तीन गोलांचा ओव्हरलॅप असेल आणि "एकाच रंगाचा जोर जास्त का" असं वाटत असेल तर तेही नॉर्मलचंच दुखणं. तिन्ही ५० टक्के ठेवले की सगळ्यात वरच्याला ५० मिळतात, मधल्याला उरलेल्याच्या निम्मे म्हणजे २५, सगळ्यात खालच्याला साडेबारा, आणि उरलेले साडेबारा मागच्या कागदाला. हॉटेलात शेवटी आलेल्याला रस्सा कमी तसं. मल्टिप्लायमध्ये कोण वर कोण खाली यानं काही फरक पडत नाही. म्हणून कुणी फाइल घेऊन आलं की मी पहिल्यांदा गोलांची वर-खाली अदलाबदल करून बघते. मधला रंग बदलला तर नॉर्मल आहे, नाही बदलला तर मल्टिप्लाय किंवा तसलंच काहीतरी लावलेलं आहे, पॅनेल उघडायचीसुद्धा गरज नाही.

कोरल आणि अडोबी दोन्ही वापरणाऱ्यांसाठी मधेच एक सांगून टाकते, यावर माझी एक अख्खी दुपार गेलेली आहे. कोरलमधला आकडा ट्रान्सपरन्सीचा आहे, म्हणजे ८० केलं की आकार जवळजवळ गायब होतो. इलस्ट्रेटरमधला आकडा ओपॅसिटीचा आहे, म्हणजे ८० केलं की आकार जवळजवळ ठाम दिसतो. फोनवर "ऐंशी ठेव" म्हणायचं आणि समोरच्यानं दुसऱ्या सॉफ्टवेअरात ८० ठेवायचं, मग भांडायचं. ५० ला मात्र कुणाचंच भांडण होत नाही.

आता उजेडाचं. सावली, शाई, जिलेटीन यांना मल्टिप्लाय चालतो, पण दिवा, पणती, फटाक्याची ठिणगी, कंदिलाचा पिवळा उजेड काळोख्या निळ्यावर टाकायचा असेल तर मल्टिप्लायनं ते अजून काळं होणार. गणपतीत मंडळाच्या स्टेजवर दोन बाजूंनी दोन रंगांचे लाइट मारले की मधला भाग जास्त उजळ होतो ना, तो प्रकार म्हणजे स्क्रीन, मॉनिटर नव्हे, मल्टिप्लायच्याच यादीतला दुसरा मोड. काळपट निळा १०, २०, ७० आणि वर कंदिलाचा पिवळा २५५, २००, ६० स्क्रीन मोडमध्ये, तर साधारण २५५, २०४, ११४ येतो, म्हणजे निळ्या रात्रीत विरघळणारा उबदार उजेड. फोटोशॉपमध्ये हे इतकं सुंदर दिसतं की माणूस स्वतःवर खूश होतो.

मी पण झाले होते. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ होतं, गच्चीवर टांगलेला कंदील, मागं निळीशार रात्र, कंदिलाभोवती हा असा स्क्रीनवाला उजेड. सगळं आरजीबीत केलं कारण फिल्टर सगळे चालतात, आणि प्रेसला द्यायच्या रात्री मोड बदलून सीएमवायके केलं. फोटोशॉप विचारतं की मोड बदलल्यावर लेयर वेगळे दिसू शकतील, आधी मर्ज करू का, आणि मी "नको" दाबलं, कारण नाव अजून बदलायचं असेल तर लेयर हवेत ना. नंतर तासभर जाहिरातदारांच्या नावांतल्या वेलांट्या तपासत बसले, चित्राकडे बघितलंच नाही. सकाळी प्रूफ (छपाईआधीचा नमुना) हातात आलं तर मशीनवाले मामा म्हणाले, "ताई, कंदिलात एलईडी बसवलाय काय?" उजेडाचा सगळा पिवळेपणा गेलेला, ट्यूबलाइटसारखा पांढरा, किंचित गुलाबी झाक मारणारा झालेला.

प्रेसचं काहीच चुकलं नव्हतं. स्क्रीन मोड आरजीबीत आणि सीएमवायकेत वेगळा हिशोब करतो. सीएमवायकेत तो शायांचा गुणाकार करतो, ज्या शाईचा आकडा दोन्ही थरांत आहे तेवढीच उरते. समजा रात्रीचा निळा सी १०० एम ९० के ३० आहे आणि उजेडाचा पिवळा एम २० वाय १०० आहे. सायन वरच्यात नाही, गेला. पिवळा खालच्यात नाही, गेला. काळा गेला. मॅजेंटा दोन्हीत आहे म्हणून ९० चे २० टक्के म्हणजे १८ उरला. एम १८, बाकी सगळं शून्य. गुलाबीसर पांढरा! कंदिलाचा पिवळा उजेड पिवळी शाईच खाऊन टाकतो. त्या दिवशी मी हा हिशोब कागदावर मांडला आणि मग गार झाले.

यावरचा उपाय साधा आहे. उजेडाचे, ठिणग्यांचे, स्क्रीन-ओव्हरले वगैरे मोड लावलेले लेयर आरजीबीतच मर्ज करा, लेयरवाली मूळ फाइल वेगळ्या नावानं ठेवून, आणि मग सीएमवायके करा. मर्ज केल्यावर फक्त दिसणारा रंगच सीएमवायकेत बदलला जातो, हिशोब परत मांडला जात नाही. तरी पिवळा थोडा मंदावतो, ते शाईचं आहे, त्याला इलाज नाही. अक्षरं आणि लोगो यात मर्ज करू नका, ती नंतर सीएमवायके फाइलवर व्हेक्टरमध्ये (ठिपक्यांऐवजी रेषांच्या आकारात) चढवा.

इलस्ट्रेटरमध्ये हीच भानगड फाइल मेनूतल्या डॉक्युमेंट कलर मोडशी आहे. डॉक्युमेंट आरजीबी असताना केलेला ओव्हरलॅप सीएमवायके केल्या क्षणी वेगळा दिसला तर घाबरू नका, पण मागं जाऊन पुन्हा आरजीबी केल्यानं मूळ आकडे परत येतीलच असं समजू नका, अनडू मारा. इनडिझाइनमध्ये एडिट मेनूत ट्रान्सपरन्सी ब्लेंड स्पेस आहे, छपाईच्या कामाला ते डॉक्युमेंट सीएमवायकेवर असायला पाहिजे. कोरलमध्ये नवीन फाइल उघडताना प्रायमरी कलर मोड विचारतात, आपण सगळे एंटर मारून पुढं जातो. ट्रान्सपरन्सी आणि ब्लेंडचा हिशोब कुठल्या रंगपद्धतीत करायचा हे तिथं ठरतं. फाइलमधला प्रत्येक आकार तुम्ही सीएमवायकेतून भरलाय पण प्रायमरी मोड आरजीबी राहिलाय, मग एकटे आकार बरोबर छापून येतात आणि नेमका ओव्हरलॅपच विचित्र येतो. नंतर बदलायचं असेल तर कलर मॅनेजमेंटमधली डॉक्युमेंटची सेटिंग बघा.

"काल मल्टिप्लाय दिसत होता, आज ग्रुप केला आणि गेला." हे वाक्य मी महिन्यातून एकदा तरी ऐकते. फोटोशॉपमध्ये लेयर ग्रुपचा स्वतःचा मोड असतो आणि तो पास थ्रू असेल तोवर आतला मल्टिप्लाय ग्रुपच्या बाहेरच्या, खालच्या चित्रावर चालतो. चुकून कुणी तो नॉर्मल केला की आतल्यांचा व्यवहार आतल्या आत, बाहेरच्याशी संबंध तुटला. लेयरांचं स्मार्ट ऑब्जेक्ट (एक बंद डबी) केलं तरी तेच होतं. इलस्ट्रेटरमध्ये ट्रान्सपरन्सी पॅनेलच्या कोपऱ्यातून शो ऑप्शन्स केलं की खाली टिकमार्क दिसतात, त्यातले दोन आपल्या कामाचे, आयसोलेट ब्लेंडिंग आणि नॉकआउट ग्रुप. पहिला म्हणजे घरातलं घरात. दुसरा म्हणजे ग्रुपमधल्या आकारांनी एकमेकांवर काही परिणाम करायचा नाही, फक्त मागच्यावर करायचा. दोन गोल एकमेकांत मिसळावेत पण मागच्या क्रीम कागदात मिसळू नयेत असं हवं तर आयसोलेट. उलट हवं तर नॉकआउट.

पीएनजी करून पाठवणाऱ्यांनी एवढंच ध्यानात घ्यायचं की पीएनजीबरोबर पारदर्शकता टिकून राहते, ब्लेंड मोड टिकत नाही. लोगोतले दोन आकार एकमेकांवर मल्टिप्लाय आहेत ते ठीक दिसतील, पण तो पीएनजी लाल बॅनरवर ठेवला तर लोगो लालाशी मल्टिप्लाय होणार नाही, नुसता वर बसेल.

आता देवनागरीवाल्यांचं खास दुखणं, कारण इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये हे कुणी सांगत नाही. मोठं शीर्षक घेतलं, फोटोवर पांढरं, ट्रान्सपरन्सी ३०, आणि शिरोरेषेवर प्रत्येक दोन अक्षरांच्या जोडावर एक जास्त पांढरी उभी चीर दिसते, काना जिथं अक्षराला चिकटतो तिथंही. आपल्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर किंचित चढलेल्या असतात, नाहीतर मधे फट दिसेल. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये काना, मात्रा, वेलांटी हे सगळे सुटे तुकडे असल्यानं चढलेल्या जागा आणखी जास्त. ठोस रंग असतो तोवर काही कळत नाही, ट्रान्सपरंट केलं की तेवढ्या जागी दोन थर होतात आणि शिवण उघडी पडते. टेक्स्ट लाइव्ह (टाइप करून बदलता येईल असं) असेपर्यंत सहसा दिसत नाही, प्रेसला द्यायचं म्हणून कर्व्ह केलं, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार केले, ग्रुप सोडवला, एकेका अक्षराला ट्रान्सपरन्सी लागली की दिसायला लागतं.

इलस्ट्रेटरमध्ये कर्व्ह झालेली अक्षरं ग्रुपमध्येच राहू द्या आणि ओपॅसिटी त्या ग्रुपला लावा, आतल्या अक्षरांना नाही. अपिअरन्स पॅनेलमध्ये वर "ग्रुप" लिहिलेलं दिसतंय का बघा. तरी ऐकत नसेल तर पाथफाइंडरमधून युनाइट करून सगळी ओळ एकच आकार करून टाका. कोरलमध्ये वेल्ड. कंबाइन नाही! कंबाइनचं कंट्रोल-एल मारलं की जिथं दोन तुकडे एकमेकांवर आहेत तिथं आरपार भोक पडतं आणि "श्री" चाळणीसारखी दिसते, लग्नपत्रिकेवर असली श्री गेली तर घरचे काय म्हणतील ते तुम्हीच बघा. आणि वेल्डच्या आधी ब्रेक अपार्ट केलं असेल तर व, ब, क यांची पोटं भरून जातात, तेही तपासा. आउटलाइन द्यायची असेल तरी हाच क्रम, आधी एकसंध आकार, मग रेघ.

पीडीएफपर्यंत सगळं बरोबर होतं आणि पीडीएफ उघडल्यावर बिघडलं, असं असेल तर आधी ते खरंच बिघडलंय का बघा. ओव्हरलॅपच्या कडेनं केसासारख्या पांढऱ्या रेघा दिसत असतील तर झूम करत जा. १०० टक्क्यांना जेवढी बारीक तेवढीच ८०० टक्क्यांनाही बारीक राहिली तर ती मॉनिटरवरचीच रेघ आहे, बहुतेक वेळा कागदावर येत नाही. अॅक्रोबॅटच्या प्रेफरन्समध्ये पेज डिस्प्लेला जाऊन स्मूथ लाइन आर्टचा टिकमार्क काढला की बऱ्याचदा गायब होते. झूमबरोबर रेघही जाड होत गेली तर मात्र ती खरी फट आहे.

या रेघा येतात कशातून, तर फ्लॅटनिंगमधून, म्हणजे पारदर्शक थर सपाट करण्यातून. पोस्टस्क्रिप्टला (छपाईयंत्रांची जुनी भाषा) पारदर्शकता हा प्रकारच माहीत नव्हता आणि पीडीएफमध्येही ती आली २००१ साली, १.४ आवृत्तीत. त्यामुळं पीडीएफ १.३ किंवा पीडीएफ एक्स-१ए (छपाईसाठीचा जुना प्रकार) काढलं की सॉफ्टवेअर ओव्हरलॅपचे तुकडे तुकडे करतं, काही व्हेक्टर ठेवतं, काही बिटमॅप (ठिपक्यांचं चित्र) करतं, आणि ते शेजारी शेजारी जुळवतं. सावलीच्या भोवती जरासा वेगळ्या शेडचा चौकोन दिसतो तो याच जुळवाजुळवीचा, चौकोनातला निळा एका रस्त्यानं आला आणि बाहेरचा दुसऱ्या. पीडीएफ एक्स-४ मध्ये पारदर्शकता जिवंत राहते आणि तुकडे प्रेसच्या रिपवर (फाइल छपाईच्या ठिपक्यांत उलगडणारी यंत्रणा), शेवटच्या क्षणी होतात. म्हणून फाइल द्यायच्या आधी एक फोन करून विचारा की एक्स-४ चालतंय का. चालतंय म्हणाले तर तेच द्या. आमच्याकडे अजून कित्येक ठिकाणी उत्तर येतं की "ताई, कर्व्ह करून जुन्या कोरलमध्ये सेव्ह करून द्या की", आणि तिथं मी वाद घालत नाही, ओव्हरलॅपचा तेवढा भाग ३०० डीपीआयला सीएमवायके बिटमॅप करते, अक्षरं वरती व्हेक्टरच ठेवते. खालच्या व्हर्जनला सेव्ह केलेली फाइल बंद करून परत उघडून बघा मात्र, ट्रान्सपरन्सीचं काय झालंय ते तिथंच दिसतं. फ्लेक्सवाल्यांना तर बहुतेक वेळा टिफ किंवा जेपेग द्यायचा असतो, तिथं हा प्रश्न तुमच्याच मशीनवर मिटलेला असतो.

स्पॉट कलर (चार शायांतून न बनवता वेगळी तयार शाई) असेल, सोनेरी किंवा पॅन्टोन, आणि त्यावर सावली पडत असेल तर पीडीएफमध्ये सावलीमागं पांढरा डबा दिसू शकतो. ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू (शाईवर शाई चढल्यावर कसं दिसेल ते दाखवणारी सोय) चालू करा, डबा गेला तर फाइल ठीक आहे, फक्त बघणाऱ्याची सेटिंग बंद होती. गिऱ्हाइकाला मोबाइलवर दाखवायला मात्र जेपेगच पाठवा, नाहीतर तो डबा त्याला आयुष्यभर दिसत राहील. शिवाय डिफरन्स, एक्सक्लूजन, ह्यू, सॅच्युरेशन, कलर, ल्युमिनॉसिटी हे मोड स्पॉट रंगाशी मिसळतच नाहीत, तिथं डोकं लावू नका.

आणि कागदावर बिघडतं त्याचं. मल्टिप्लाय म्हणजे शाईवर शाई, हे विसरायला होतं. वरचाच रात्रीचा निळा घ्या, सी १०० एम ९० के ३०, बेरीज २२०. त्यावर एम ६० वाय १०० असा नारिंगी मल्टिप्लाय केला की मधे सी १०० एम ९६ वाय १०० के ३०, बेरीज ३२६. वर्तमानपत्राचा कागद साधारण २४० झेपवतो, आर्ट पेपर ३०० च्या आसपास. त्याच्या वर गेलं की शाई वाळत नाही, थप्पीत वरच्या कागदाच्या पाठीला लागते, आणि ओव्हरलॅपची जागा नुसती काळी दिसते, त्यात रंग शोधून सापडत नाही. अॅक्रोबॅटमध्ये आउटपुट प्रिव्ह्यू उघडा, टोटल एरिया कव्हरेजला टिक करा, आकडा ३०० टाका, त्याच्या वरचा सगळा भाग तो रंगवून दाखवतो. तिथं ओव्हरलॅपच रंगलेला दिसला तर खालच्या निळ्यातला के काढून टाका, एवढ्यानंच ३० खाली येतात, वर मॅजेंटाही थोडा कमी करा.

लोगोला मी हल्ली ट्रान्सपरन्सी ठेवतच नाही. डिझाइन करताना मल्टिप्लाय लावते, रंग पसंत पडला की आयड्रॉपरनं मधल्या भागाचे आकडे बघून लिहून ठेवते, मग कोरलमध्ये दोन्ही आकार निवडून इंटरसेक्ट, नाहीतर इलस्ट्रेटरमध्ये दोन्हींची कॉपी जागच्या जागी वर पेस्ट करून पाथफाइंडरचं इंटरसेक्ट, त्या सुट्या तुकड्यात तो रंग ठोस भरते आणि मूळ आकारांची ट्रान्सपरन्सी काढून टाकते. मूळ दोन्ही खाली तसेच राहू द्यायचे, तुकडा वर, म्हणजे कडेला फट पडायला जागाच उरत नाही. हा लोगो मग एम्ब्रॉयडरीवाल्याकडे जाऊ दे, रबर स्टॅम्पवाल्याकडे जाऊ दे, जुन्या कोरलमध्ये उघडू दे, मधला हिरवा हिरवाच राहतो. म्हणजे सुरुवातीला मी वैतागून हातानं तुकडा चिकटवायचे तेच आता ठरवून करते, फक्त त्यात कुठला हिरवा भरायचा हे आता अंदाजानं ठरवत नाही.

मुखपृष्ठाचं विचाराल तर त्या सकाळी छपाईची प्लेट अजून काढलेली नव्हती म्हणून वाचले. रात्रीची आरजीबी फाइल होती, उजेडाचे लेयर मर्ज केले, परत सीएमवायके, दहा मिनिटांचं काम. मामांनी नवं प्रूफ खिडकीपाशी नेऊन बघितलं आणि म्हणाले, "हां, आता बल्ब लावलासा."